टेस्ट बेंचवरचा जुना तक्ता

धनाजीराव शिर्के यांचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती. एकतीस वर्षे पहिली पाळी केली होती. उठून पाणी तापवायचे, बायकोचे, कौशल्याबाईंचे, गुडघे धरल्यापासून चार पोळ्या स्वतः लाटायच्या, डबा भरायचा आणि सायकल काढायची. बडोद्याच्या तरसालीतल्या दोन खोल्यांपासून मकरपुऱ्याच्या कारखान्यापर्यंत अठरा मिनिटे. पाळी सहाला लागायची आणि ते दहा मिनिटे आधी पोचायचे. ती दहा मिनिटे मशीन बघण्याची. तेल आहे का, लोखंड पकडणारा चक घट्ट आहे का, आधीच्या पाळीने काय अर्धवट सोडले आहे. त्या दहा मिनिटांचा पगार मिळत नसे. त्यांनी तो कधी मागितलाही नाही.

पणजोबा संस्थानच्या पागेत जमादार होते म्हणतात. त्या पागेतून घरात टिकले ते नावापुढचे राव तेवढे. कारखान्यातल्या गुजराती मंडळींनी तेही काढून टाकले आणि त्यांचे धनाभाई केले. धनाभाई टर्नर. त्यांच्या लेथवरून उतरलेला जॉब, म्हणजे कातून तयार झालेला भाग, पुन्हा मोजायला कोणी घेत नसे.

पंचावन्नाव्या वर्षी उजवा हात थरथरू लागला. पोळी लाटताना कळायचे नाही, पण मायक्रोमीटर धरला की माप एका जागी थांबेना. महिनाभर त्यांनी ते लपवले. मग एके दिवशी एक जॉब बाद झाला आणि ते स्वतःच मॅनेजरकडे गेले. समरजित हा मॅनेजर चाळिशीचा, बडोद्याच्याच मराठी घरातला. त्याने हिशेब घेऊन घरी जा असे सांगितले नाही. तो म्हणाला, कारखान्यात प्रत्येक बाकावर टॅब बसवायचे आहेत, कागदाचे तक्ते बंद करायचे आहेत. कागदावर तेल सांडते, आकडा पुसतो. कोणत्या जॉबला काय लागते हे धनाजीरावांइतके कोणाला माहीत नाही. तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर शिकावा आणि तक्ते पडद्यावर चढवावेत. जमले तर निवृत्तीपर्यंत जागा पक्की.

धनाजीराव शिकायला बसले.

सगळ्यात जोखमीचा तक्ता टेस्ट बेंचचा. पाइपातून काय वाहते आहे ते दिसावे म्हणून मध्ये काचेची एक खिडकी बसवतात. कारखान्यात तिला साइट ग्लास म्हणत. विश्राम ती बाकावर आवळायचा, आत पाणी भरायचा, हातपंपाने दाब वाढवायचा आणि काचेच्या कडेने थेंब येतो का ते बघायचा. विश्राम खानदेशातून आलेला, अठ्ठेचाळिशीचा, वीस वर्षे त्याच बाकावर. काच किती दाब सोसेल हे नुसते बघून कोणाला कळत नाही. तक्त्यातला आकडा बरोबर असेल तर बाकावरचा माणूस संध्याकाळी धड घरी जातो. धनाजीरावांना हे कोणी समजावून सांगायला नको होते. टॅबवर विश्रामला एकच आकडा दिसायला हवा, आणि तो बरोबर हवा. एवढेच त्यांचे काम होते.

विश्रामला मात्र या सगळ्याची गंमत वाटायची.

“काय धनाभाई, जन्मभर लोखंड सोललंत, आता काच पुसत बसलात?”

“तुझ्यासाठीच पुसतोय. तुझं अक्षर तुलाच वाचता येत नाही.”

“बराबर छे,” विश्राम म्हणायचा आणि पंप मारायला लागायचा.

शिकवायला मोहना होती. ती कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघायची. चौतीस वर्षांची, शहरातल्या वाडी भागातून स्कूटरने येणारी, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी तिने सांगितले, काका, हा माउस आहे, हातोडी नाही. पण शिकवताना ती पायऱ्या गाळायची नाही, म्हणून धनाजीरावांना ती आवडली.

तिने समजावले ते असे. टॅबवर उघडणाऱ्या पानावर सगळे तक्ते आधीच लिहिलेले असतात. जेक्वेरी नावाची एक तयार लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांची फाइल, पानाला जोडायची. मग एका ओळीत हवा तो तक्ता दाखवता येतो आणि नको तो लपवता येतो. डॉलरचे चिन्ह, कंस, कंसात तक्त्याचे नाव, पुढे टिंब आणि हाइड. दाखवायचा असेल तर हाइडच्या जागी शो. लपवलेला तक्ता पानातून जात नाही, फक्त दिसत नाही. पुरता काढायचा असेल तर रिमूव्ह लिहायचे, किंवा मुळात लिहायचाच नाही.

पहिली ओळ चालायला धनाजीरावांना चाळीस मिनिटे लागली. एक कंस राहिला होता. तो सापडल्यावर त्यांनी तीच ओळ वीस वेळा पुसून वीस वेळा लिहिली, हात बसेपर्यंत. मोहना जेवून आली तरी ते लिहीत होते. रोज शिकलेले ते वहीत उतरवायचे आणि काम झाले की शेजारी बरोबरची खूण करायचे. चार महिन्यांत अकरा पाने तयार झाली. विश्रामने बोटाने साइट ग्लास निवडली की बाकीचे सगळे नाहीसे व्हायचे आणि एक तक्ता उरायचा. तो दोन दिवस नुसता निवडून बघत होता.

चूक त्याच दिवसांत झाली, आणि ती टर्नरची चूक होती.

त्या कारखान्यात नवे ड्रॉइंग आले की जुने फाडत नसत. दोन्ही एकाच खिळ्याला अडकवत, नवे पुढे, जुने मागे. वर्ष-दोन वर्षांनी एखादे जुने गिऱ्हाईक जुना माल दुरुस्तीला पाठवायचे. तेव्हा मागचा कागद पुढे घ्यायचा. ड्रॉइंग फाडणाऱ्याला फोरमन शिव्या घालायचा. धनाजीरावांच्या अंगात ते एकतीस वर्षे मुरले होते.

दिवाळीनंतर साइट ग्लासची काच बदलली. जुनी जाड होती, तिची टेस्ट चोवीस किलो दाबाला व्हायची. नवी पातळ, तिला दहा किलो. धनाजीरावांनी पानावर जुन्या तक्त्याखाली नवा लिहिला आणि जुन्याला हाइड लावून टाकले. शेजारी एक छोटे बटण ठेवले. ते दाबले की जुना दिसायचा. मोहनाने पान बघितले आणि विचारले, जुना ठेवलात कशाला? ते म्हणाले, असू दे, लागतो कधी.

तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, जे दिसायला नको ते मुळातच लपलेले लिहायचे आणि लायब्ररीने फक्त दाखवायचे. तुम्ही उलटे केले आहे. सगळे उघडे मांडून मग लायब्ररीकडून झाकून घेता. ती आलीच नाही तर सगळे उघडे पडेल. दोन, लायब्ररीची फाइल बाहेरच्या इंटरनेटवरून येते. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये आणून ठेवायची.

धनाजीरावांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. पण त्या आठवड्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसे कारखाना बघायला यायची होती आणि समरजितला उरलेली पाने आधी हवी होती. ती पाने झाली, माणसे येऊन गेली. वहीतल्या त्या दोन ओळींपुढे खूण झाली नाही. लेथचे गार्ड बसवल्याशिवाय ज्याने कधी बटण दाबले नाही, त्या माणसाच्या हातून हे राहिले. का राहिले, याला दुसरे उत्तर नाही. पान रोज चालत होते.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी विश्रामच्या बाकावरच्या टॅबमध्ये पाणी गेले. मोहनाने नवाकोरा टॅब बसवून दिला. त्याच सकाळी रस्त्यावर गॅसच्या पाइपासाठी खोदकाम चालू होते. नऊच्या सुमाराला खोदणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली. ऑफिसात थोडी बोंब झाली. कारखान्यात कोणाला काही कळले नाही, कारण तक्त्यांची पाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून कारखान्याच्या स्वतःच्या वायरने यायची. ती येत राहिली. बाहेरून यायची ती फक्त लायब्ररी.

साडेनऊला विश्रामने नव्या काचेचा पहिला जॉब बाकावर आवळला. तोवर नवी काच दुसऱ्या पाळीत जायची. त्याच्या हाताखाली ती पहिल्यांदाच आली होती. टॅबवर सगळ्यात वर साइट ग्लासचा तक्ता होता, चोवीस किलो. त्याने पंप मारायला घेतला.

एकोणीस किलोला काच फुटली.

बाकापुढे प्लास्टिकची ढाल होती. पण थेंब बघायचा तर तिच्या कडेने वाकून बघावे लागते. त्या बाकावरचा प्रत्येक माणूस तसेच बघायचा आणि फोरमनला ते माहीत होते. गॉगल वाफेने धुरकट झाला होता म्हणून कपाळावर सरकवलेला होता. काचेचे तुकडे डाव्या डोळ्यात गेले.

धनाजीराव आवाज ऐकून धावले. विश्राम उभाच होता. दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरून तो गुजरातीत एवढेच म्हणत होता, पाणी आपो, पाणी आपो. बोटांमधून रक्त मनगटापर्यंत आले होते. त्याला गाडीत घातले.

दुपारी दोनला केबल जोडली गेली. तीनला समरजितने टॅब उघडला, फोटो काढला. पानावर एकच तक्ता होता. दहा किलो.

संध्याकाळपर्यंत कारखानाभर झाले की विश्रामने तक्ता बघितलाच नाही. जुन्या सवयीने चोवीस मारले, वर गॉगल नाही. समरजितने अपघाताचा कागद तसाच लिहिला. कामगाराचा निष्काळजीपणा. कागद तसा गेला की भरपाईवर वाद निघणार आणि नोकरीही जाणार, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही माहीत होते.

धनाजीराव पाळी सुटल्यावर हॉस्पिटलात गेले. विश्रामच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. बायको, शालिनी, पायाशी बसली होती. डावा डोळा गेला असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. विश्रामला अजून सांगितले नव्हते. धनाजीराव स्टुलावर बसले. विचारावे की नाही हे त्यांना ठरवता येईना. विश्राम स्वतःच बोलला.

“धनाभाई, आकडा परत बदलला होता ना?”

“कुठला आकडा?”

“साइट ग्लासचे दोन तक्ते होते. वर चोवीस, खाली दहा. मला वाटलं, परत बदलला. वरचं नवीन असतं ना नेहमी.”

धनाजीराव स्टुलावरून उठले. शालिनीने चहाचे विचारले, ते त्यांना ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला दहा कमी असताना ते टेस्ट बेंचपाशी होते. फरशी धुतलेली होती. त्यांनी ऑफिसात जाऊन बाहेरच्या इंटरनेटची वायर काढली, परत येऊन पान उघडले. एकच तक्ता आला. दहा किलो. बंद करून पुन्हा उघडले. दहा किलो. एक क्षण त्यांना बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाज वाटली. विश्राम खोटे बोलणारा माणूस नव्हता.

मोहना आली तेव्हा त्यांनी तिला बाकापाशी नेले. ती टॅबकडे बघत उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, काल सकाळी हा टॅब कोरा होता. दुपारी इंटरनेट आले तेव्हा याने लायब्ररी एकदा आणली आणि स्वतःजवळ ठेवून घेतली. आता वायर काढली तरी ती याच्यापाशी आहे. ती पुसावी लागेल. तिने सेटिंगमध्ये जाऊन टॅबने साठवलेले सगळे पुसले आणि पान उघडले.

सगळे उघडे, आणि त्यात साइट ग्लासचे दोन तक्ते. वर चोवीस, खाली दहा. मध्ये ते छोटे बटण.

मोहना म्हणाली, पाच मिनिटांचे काम आहे, जुना तक्ता आत्ता काढून टाकते.

“हात लावू नको,” धनाजीराव म्हणाले. “अपघात बघायला फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन जाऊ दे.”

“काका, तोवर दुसऱ्या बाकावर असंच झालं तर?”

हे बरोबर होते. धनाजीरावांनी जाड पुठ्ठा आणला, त्याचे तुकडे केले आणि मोठ्या मार्करने प्रत्येक बाकाचा आकडा लिहिला. हात थरथरत होता म्हणून प्रत्येक आकडा दोनदा गिरवला. अकराच्या अकरा टॅबवर पुठ्ठे चिकटवून त्यांनी पडदे झाकून टाकले. प्रत्येक माणसाला स्वतः जाऊन सांगितले, इन्स्पेक्टर येईपर्यंत पुठ्ठा वाचायचा. त्यात त्यांचे जेवण राहिले.

पुठ्ठे बघून समरजितने केबिनमध्ये बोलावले. धनाजीरावांनी घडले ते सांगितले. समरजितने दार लावून घेतले. तो रागावला नाही. शांतपणे म्हणाला, पान दुरुस्त करून घ्या, पुठ्ठे काढा. गॉगल कपाळावर होता हे खरेच आहे ना? वाकून बघितले हेही खरे आहे ना? मग कागदात खोटे काय आहे? शेठपर्यंत हे गेले तर टॅबची सगळी योजना माझ्या अंगावर येईल, आणि तुमच्याही.

“तुमची तीन वर्षं राहिलीत, काका. घरी काकूंचे गुडघे. विश्रामचा डोळा काही परत येणार नाही.”

“नाही येणार.”

“मग?”

“मग त्याच्या नावावर माझं काम कशाला?”

समरजितने टेबलावरचा कागद खणात ठेवला. म्हणाला, घरी जा, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही. मोहनाला मात्र बोलावून त्याने पान दुरुस्त करायला सांगितले. ती म्हणाली, करते, आणि केले नाही. कामाचा फार ढीग आहे एवढे ती सांगत राहिली.

ते दोन दिवस धनाजीराव पावणेपाचला उठत राहिले, पण पोळ्या कच्च्या राहिल्या. कौशल्याबाईंनी विचारल्यावर त्यांनी सगळे सांगितले. त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. एवढेच म्हणाल्या, “सांगायचंच असेल तर धड सांगा. निम्मं सांगून येऊ नका.”

गुरुवारी अकराला इन्स्पेक्टर आले. मध्यम वयाचे, कमी बोलणारे. बाकाभोवती समरजित, फोरमन आणि पाच-सहा माणसे उभी होती. समरजितने पुठ्ठा उचलून टॅबवरचा एकच तक्ता दाखवला, फोटो दाखवला, कागद वाचला. विश्राम अनुभवी कामगार, आकडा स्पष्ट समोर असताना त्याने जास्त दाब दिला, गॉगल वापरला नाही. इन्स्पेक्टरांनी मान हलवत लिहून घेतले.

धनाजीराव पुढे आले आणि एक मिनिट मागितले. मोहनाने टॅब पुसायच्या सहा पायऱ्या त्यांनी वहीत लिहून घेतल्या होत्या. त्यांनी ऑफिसात माणूस पाठवून बाहेरची वायर काढायला सांगितली. मग वही बाकावर उघडी ठेवून एकेक पायरी केली. दुसरी पायरी तीनदा करावी लागली. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलेही नाही. मोहना ऑफिसच्या दाराशी उभी होती.

पान उघडले. वर चोवीस, खाली दहा.

“सोमवारी विश्रामला हे दिसलं, साहेब. त्या दिवशी इंटरनेट नव्हतं, टॅब कोरा होता. वरचा तक्ता माझा. काढायला पाहिजे होता, मी लपवून ठेवला.”

इन्स्पेक्टरांनी वाकून दोन्ही आकडे वाचले. विचारले, “हे तुम्हाला शिकवलं कोणी?”

“शिकवणारीनं बरोबर शिकवलं होतं.” धनाजीरावांनी वहीची पाने मागे उलटली आणि खूण नसलेल्या दोन ओळींवर बोट ठेवले. “हे करायचं होतं. मी केलं नाही.”

इन्स्पेक्टरांनी त्या पानाचा फोटो घेतला, टॅबचाही घेतला. समरजितचा कागद त्यांनी घडी करून बाजूला ठेवला आणि नवा लिहायला घेतला. त्यात ढालीबद्दल लिहिले, गॉगलबद्दल लिहिले, तक्त्याबद्दल लिहिले. कामगाराचा निष्काळजीपणा हे शब्द त्यात आले नाहीत. विश्रामची भरपाई अडली नाही आणि त्याची नोकरीही राहिली. पुढे त्याला स्टोअरमध्ये बसून मोजायचे काम मिळाले.

त्याच दुपारी मोहनाने जुने तक्ते अकराही पानांतून काढून टाकले आणि लायब्ररी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणून ठेवली. पाच मिनिटे म्हणाली होती, पस्तीस लागली. धनाजीराव शेजारी बसून प्रत्येक पान वायर काढून तपासत होते. शनिवारी शेठने त्यांना सांगितले की महिनाअखेरपर्यंत या, पुढे नको. त्यांनी का म्हणून विचारले नाही. महिनाअखेरपर्यंत ते रोज सहाला दहा कमी असताना फाटकात होते.

विश्राम त्यांच्याशी बोलेनासा झाला. तो हॉस्पिटलातून घरी आल्यावर धनाजीराव दोनदा त्याच्याकडे गेले. पहिल्यांदा तो झोपला आहे असे शालिनीने सांगितले आणि आतून रेडिओचा आवाज येत होता. दुसऱ्यांदा तो बाहेर येऊन बसला, काळा चष्मा लावून. मग म्हणाला, “खरं सांगितलंत ते ठीक. पण मी तुमच्या आकड्यावर पंप मारला.” एवढे बोलून तो आत गेला.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी डाव्या खोबणीत एक तयार कृत्रिम डोळा बसवून दिला. तो मापाचा नव्हता. खोबणीतून सारखे पाणी यायचे, पापणी पुरती मिटायची नाही, आणि विश्रामच्या मोठ्या मुलीला बघायला आलेले लोक बोलता बोलता तिकडेच बघत राहिले. मापाने बनवणारा कारागीर अहमदाबादला होता. खोबणीचा साचा घेऊन तो हाताने डोळा घडवायचा.

शालिनी एका दुपारी तरसालीला आली आणि कौशल्याबाईंपाशी बसून हे सगळे बोलली. मागितले काही नाही. ती निघाली तेव्हा धनाजीरावांनी कारखान्यातून मिळालेले शेवटच्या पगाराचे पाकीट, जसे आणले होते तसे, न फोडता तिच्या पिशवीत घातले. यांना सांगणार नाही, ती म्हणाली. नको सांगू, ते म्हणाले.

उजव्या डोळ्याशी रंग जुळवायला कारागिराला तीन बैठका लागल्या. तरी डोळा एका छटेने गडद निघाला. पण पापणी पूर्ण मिटते आणि पाणी येत नाही. धनाजीराव शिर्के यांच्या शेवटच्या पगारातून तो झाला.